परगावाच्या नावाची वेस

वेस गावाची असते आणि नाव मात्र बहुधा परगावाचे असते. पुण्याच्या शनिवारवाड्याचा थोरला दरवाजा दिल्लीच्या नावाने ओळखला जातो. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, तटाला एक दरवाजा दिल्लीचा आहे आणि एक पैठणचा. आत राहणाऱ्याला या नावाचा फारसा उपयोग नसतो. ते बाहेर पडणाऱ्यासाठी असते. या कमानीखालून गेलास तर पुढे अमुक गाव लागेल, एवढेच ते सांगते. पुढे ते गाव ओस पडो, त्याचे राज्य जावो, वाटच बुजून जावो, वेशीवरचे नाव सहसा पुसले जात नाही.

झाशी शहराला असा एक दरवाजा आहे. शहराचा तट शिवराव भाऊ नेवाळकर यांच्या अमदानीत, म्हणजे 1796 ते 1814 या काळात उभा राहिला. त्याला दहा दरवाजे ठेवण्यात आले. त्यांतले बरेचसे दिशेच्या गावावरून ओळखले जातात. दतिया, उनाव, भांडेर, सागर; आणि त्यांच्यातच एक ओरछा. तटाचा पुष्कळसा भाग पुढे पडला, पाडला गेला किंवा घरांच्या भिंतींत जिरून गेला. तरी झाशीच्या पत्त्यांत आजही ‘ओरछा गेट अंदर’ आणि ‘ओरछा गेट बाहर’ असे लिहितात. तट नाही, पण आत कोण आणि बाहेर कोण याचा हिशेब शहराने सोडलेला नाही. टपाल वाटणाऱ्याला ती भिंत अजून दिसत असली पाहिजे.

महाराष्ट्रातून झाशीला येणारा प्रवासी या दरवाजापाशी क्वचितच येतो. त्याची वाट ठरलेली असते. किल्ला, बुरुजावरची कडकबिजली तोफ, राणीने घोड्यासह उडी घेतली म्हणून दाखवतात ती जागा, राणी महाल आणि 1842 साली जिथे मनकर्णिका तांबे ही लक्ष्मीबाई नेवाळकर झाली ते गणेश मंदिर. इतके पाहून झाले म्हणजे त्याचे डोळे भरून आलेले असतात आणि दिवसही संपत आलेला असतो. दुसऱ्या दिवशी वेळ उरलाच तर तो ओरछ्याला जातो. पण तो ‘राजवाडे पाहायला’. ओरछा झाशीपासून जेमतेम सोळा-सतरा किलोमीटर. झाशी उत्तर प्रदेशात आणि ओरछा मध्य प्रदेशात, म्हणून मध्ये एक राज्यसीमा लागते. प्रवाशाच्या मनातही तशीच एक सीमा असते. अलीकडचे आपले, पलीकडचे परके. या दोन गावांनी एकमेकांना घडवले आणि एकमेकांना उठवलेही, ही गोष्ट त्या सीमेवर अडून राहते.

ओरछा ही बेटावरची राजधानी. बेतवा नदी, संस्कृत कवींची वेत्रवती, इथे खडकांतून फुटते आणि तिच्या एका फाट्याने तोडलेल्या उंचवट्यावर बुंदेल्यांचा किल्ला उभा आहे. गावातून किल्ल्यात जायला पुष्कळ कमानींचा दगडी पूल ओलांडावा लागतो. उन्हाळ्यात त्याच्याखालून पाण्याऐवजी गवत आणि गुरे दिसतात, आणि बेट म्हणजे एक खडकाळ टेकाड वाटू लागते. पावसाळ्यात नदी आपला हक्क पुन्हा सांगते. राजा रुद्रप्रताप याने 1531 साली गढकुंडारची डोंगरी राजधानी सोडून इथे पाया घातला आणि त्याच वर्षी तो गेला. वाघाच्या तावडीतून गाय सोडवताना त्याला मरण आले, असे बुंदेलखंडात सांगतात. पाया घालणाऱ्याने भिंती पाहिल्या नाहीत. त्या मुलांनी, भारतीचंद आणि मधुकरशहा यांनी उभ्या केल्या. ‘ओरछा’ या शब्दाचा अर्थ ‘लपलेले’ असा लावतात. डोंगर, रान आणि पाणी यांच्या आडोशाला बसलेल्या या गावाला तो शोभतो.

मधुकरशहाची राणी गणेशकुंवरी हिची कथा तिथल्या पोरासोरांनाही पाठ असते. राजा कृष्णाचा भक्त, राणी रामाची. ती अयोध्येहून रामाची मूर्ती घेऊन आली. मूर्ती एकदा ठेवली की तिथून हलणार नाही आणि जिथे राम तिथे दुसरा राजा नाही, अशा देवाच्या अटी होत्या. मूर्तीसाठी चतुर्भुजाचे भव्य देऊळ बांधले जात होते. ते पुरे व्हायच्या आधीच ती आली, म्हणून राणीच्या महालातच ठेवली. ती पुढे हललीच नाही. अशा रीतीने महालाचे मंदिर झाले आणि आकाशाला भिडलेल्या शिखरांच्या मंदिरात दुसरी मूर्ती बसवावी लागली. ओरछ्याचा राम तेव्हापासून ‘रामराजा’ आहे. मध्य प्रदेशचे पोलीस आजही त्याला बंदुकीची मानवंदना देतात. माणसांच्या राजांनी हे गाव कधीच सोडले, पण कागदावर नसलेले एक राज्य तिथे अखंड चालू आहे, ही गंमत मोठी आहे.

या राजधानीचा सोन्याचा काळ आला तो मात्र एका खुनाच्या वाटेने. मधुकरशहाचा धाकटा मुलगा वीरसिंहदेव याला गादी मिळण्याचा संभव नव्हता. त्याने अकबराविरुद्ध रुसून बसलेल्या शाहजादा सलीमची बाजू धरली. 1602 साली अबुल फजल दक्षिणेतून आग्र्याकडे परत निघाला होता. सलीमला तो आपल्या वाटेतला काटा वाटत होता. वीरसिंहदेवाने आंतरीजवळ त्याला गाठून ठार केले आणि त्याचे मस्तक सलीमकडे अलाहाबादेस पाठवले. अकबराने शोकही केला आणि संतापही केला, फौजाही पाठवल्या, पण वीरसिंहदेव हाती लागला नाही. 1605 साली सलीमचा जहांगीर झाला आणि वीरसिंहदेव ओरछ्याचा राजा झाला. थोरला भाऊ रामशहा याला बाजूला व्हावे लागले. ‘अकबरनामा’ लिहिणारा तो विद्वान आणि त्याच्या मारेकऱ्याने उभा केलेला जहांगीर महाल, यांचा सांधा ओरछ्यात कोणी दाखवत नाही. महाल इतका देखणा आहे की विचारावेसेही वाटत नाही. भक्कम चौकोनी बांधणी, वर घुमटांची आणि छत्र्यांची हलकी गर्दी, काही ठिकाणी अजून तगून राहिलेल्या निळ्या-हिरव्या फरशांच्या पट्ट्या आणि दारात झुलत उभे असलेले दगडी हत्ती. त्याच दरबारात केशवदास होता. ‘रसिकप्रिया’ आणि ‘कविप्रिया’ लिहून त्याने ब्रजभाषेतील रीतिकाव्याला शास्त्राची बैठक दिली, वीरसिंहदेवाचे चरित्र पद्यात रचले आणि जहांगिराचीही स्तुती केली. नर्तकी आणि कवयित्री रायप्रवीण ही त्याची शिष्या. ‘कविप्रिया’ तिच्यासाठी रचली गेली. फितुरी आणि पराक्रम यांच्यामधली रेघ कविता किती सहज पुसते, हे पाहायचे असेल तर ओरछ्यासारखी जागा नाही.

याच वीरसिंहदेवाने 1613 साली बांगरा नावाच्या टेकडीवर एक किल्ला बांधला. तोच झाशीचा किल्ला. ओरछ्याच्या गच्चीवरून पाहुण्या राजाला तो दाखवताना ‘दिसतो का?’ असे विचारले तेव्हा पाहुणा म्हणाला, ‘झाईं-सी’ दिसते, सावलीसारखे काहीतरी. तेच नाव पडले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, तिच्यात एक गोष्ट नेमकी आली आहे. झाशी पहिल्यांदा पाहिली गेली ती ओरछ्यातून, आणि तिला नाव मिळाले तेही ओरछ्याच्या डोळ्यांनी. तेव्हा ओरछा दरवाजा नव्हता, तटही नव्हता, पण त्या दिशेची नजर होती.

वीरसिंहदेवानंतरचा उतार लवकर सुरू झाला. मुलगा जुझारसिंह शहाजहानशी बिघडला. 1635 साली मोगली फौजांनी ओरछा घेतले. त्या मोहिमेचा नामधारी सेनापती होता किशोरवयाचा औरंगजेब. त्याच जुझारसिंहाने आपल्या राणीवर संशय घेऊन तिच्या हातून धाकट्या भावाला, हरदौलाला, विष पाजवले अशी कथा आहे. हरदौल मेला आणि लोकदेव झाला. बुंदेलखंडात लग्नाचे पहिले आमंत्रण आजही त्याच्या चौथऱ्यावर ठेवतात. ज्यांनी राज्य केले त्यांच्या छत्र्यांवर गिधाडे बसतात, आणि ज्याला राज्य मिळाले नाही त्याला अक्षता मिळतात.

इथून पुढे मराठे येतात. मराठी वाचकाला बुंदेलखंड म्हटले की छत्रसाल आठवतो. 1729 साली महंमदखान बंगशाच्या वेढ्यात सापडलेल्या वृद्ध राजाच्या मदतीला पहिला बाजीराव धावला, छत्रसालाने त्याला मुलासारखे मानून राज्याचा तिसरा वाटा दिला. हा प्रसंग शाळेच्या पुस्तकापासून नाटकापर्यंत सर्वत्र आहे, आणि तो सुंदर आहेच. पण छत्रसाल पन्न्याचा. ओरछ्याची गादी बुंदेल्यांची थोरली पाती, आणि तिच्याशी मराठ्यांचा जो व्यवहार झाला त्यात बाप-लेकाचे नाते कुठे दिसत नाही. चौथ-खंडणीच्या ओढाताणीत ओरछ्याच्या मुलखात राणोजी शिंद्यांचा मुलगा ज्योतिबा मारला गेला. त्याच सुमारास, 1742 साली, पेशव्यांनी नारोशंकर दाणी यास झाशीकडे पाठवले. त्याने ओरछ्याला जबर शासन केले, झाशीचा किल्ला वाढवला (त्या वाढीव भागाला अजून शंकरगड म्हणतात) आणि किल्ल्याच्या पायथ्याशी शहर वसवले. शहर वसवायचे तर माणसे हवीत. ती ओरछ्याहून उठवून आणली, असे सांगितले जाते.

या एका वाक्यापाशी थांबायला हवे. नाशिकला गोदावरीच्या काठी रामेश्वराचे देऊळ आहे. सारे त्याला नारोशंकराचे देऊळ म्हणतात. ते 1747 साली बांधले गेले. त्याच्या तटात टांगलेली प्रचंड घंटा चिमाजीआप्पांच्या वसईच्या विजयाची आठवण म्हणून मिरवते. पूर किती चढला हे नारोशंकराच्या घंटेवरून सांगणारी माणसे नाशिकच्या घरांतून अजून भेटतात. ज्या वर्षांत ते देऊळ उठत होते त्याच वर्षांत त्याचा कर्ता बेतवेच्या काठी एक राजधानी मोडून दुसरी वसवत होता. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्याची सवय नाशिकला नाही आणि झाशीच्या मराठी वस्तीलाही नाही. विणकर, तांबट, सोनार, पुजारी, नुसतेच गरीब, कोण कोण त्या सोळा-सतरा किलोमीटरच्या वाटेने डोक्यावर बोचकी घेऊन चालत आले असेल, त्यांना येण्याची खुशी होती की सक्ती, हे बखरकाराच्या लेखणीत येत नाही. त्यांच्या पायांखालची वाट मात्र पुढे एका दरवाजाच्या नावाने टिकली. ज्या गावातून आलो त्याचे नाव वेशीला राहिले, एवढे तरी समाधान त्यांच्या नातवंडांना मिळाले असावे.

ओरछा त्यानंतर राजधानी म्हणून सावरले नाही. 1783 साली राजा विक्रमजिताने गादी टेहरीला, म्हणजे पुढच्या टीकमगढला हलवली. अडीचशे वर्षांची राजधानी रिकामी झाली. संस्थानाचे नाव मात्र शेवटपर्यंत ‘ओरछा’च राहिले. राजा टीकमगढला, राज्याचे नाव ओरछा आणि ओरछ्यात रामराजा, अशी ती विचित्र त्रिस्थळी होती.

झाशी वाढत राहिली. 1757 साली नारोशंकराला परत बोलावण्यात आले. काही सुभेदार बदलले आणि अखेर कोकणातल्या कोट गावच्या नेवाळकरांकडे सुभा आला व वंशपरंपरेने राहिला. रघुनाथ हरींनी महालक्ष्मीचे आणि रघुनाथाचे देऊळ बांधले. शिवराव भाऊंनी तट घातला. रामचंद्ररावांना इंग्रजांनी राजा केले. गंगाधररावांनी नाटकशाळा आणि ग्रंथसंग्रह सांभाळला. कोकणस्थ-कऱ्हाडे उच्चारांची मराठी बुंदेली मुलखात रुजली. तिच्यात ‘दादा’च्या शेजारी ‘भैया’ आला, भाकरीच्या शेजारी ‘गकरियाँ’ आली. चिपळूण-राजापूरकडचा माणूस तिथे गेला की त्याला आपलीच भाषा थोड्या परक्या सुरात ऐकू येते. 1853 च्या नोव्हेंबरात गंगाधरराव वारले, दत्तक नामंजूर झाला आणि 1854 साली झाशी खालसा झाली. पुढचे सर्वांना माहीत आहे, किंवा माहीत आहे असे वाटते.

त्या माहीत असलेल्यातला एक न सांगितला जाणारा भाग ओरछा दरवाजाचा आहे. जून 1857 मध्ये झाशीतली इंग्रजी सत्ता संपली आणि राणीने कारभार हाती घेतला. तिच्यावर पहिली मोठी चाल झाली ती इंग्रजांची नव्हती. ओरछ्याचा दिवाण नथेखान, टीकमगढची राजमाता लढईसरकार हिच्या वतीने, त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस फौज घेऊन झाशीवर आला. राणीने तटावरून त्याला तोंड दिले आणि माघारी लावले. मराठी चरित्रांत हा प्रसंग राणीच्या पराक्रमाचा पहिला अध्याय म्हणून येतो, आणि नथेखान एक आगंतुक लोभी म्हणून. पण ओरछ्याच्या बाजूने पाहिले तर तो एकशे पंधरा वर्षांपूर्वीचे देणे वसूल करायला आला होता. ज्या किल्ल्याचा पाया आपल्या पूर्वजाने घातला, जो शहर म्हणून आपल्या माणसांनी भरला, तो धनी नसताना परत मागायला आला होता. मागण्याची वेळ नीच होती, यात शंका नाही. मागणीच निराधार होती असे मात्र म्हणवत नाही. पुढे इंग्रजांनी त्या निष्ठेची दखल घेतली आणि तरौली परगण्यासाठी झाशीला द्यावी लागणारी खंडणी ओरछ्याला माफ केली. एवढ्याशा खंडणीची ती सल मिटवण्यासाठी कितीजणांचे रक्त सांडले, याचा विचार आता दोन्हीकडे कोणी करत नाही.

मग 1858 चा मार्च. सर ह्यू रोजने वेढा घातला. मदतीला आलेल्या तात्या टोप्यांच्या वीसएक हजारांच्या सैन्याचा 1 एप्रिलला बेतवेच्या काठी पराभव झाला आणि 3 एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. ते कसे शिरले याबद्दल तीन गोष्टी सांगितल्या जातात.

पहिली इंग्रजांची. त्यांच्या कागदांत तटाला पाडलेले खिंडार आहे आणि शिड्या आहेत. शिड्या आखूड पडल्या, काही मोडल्या, आघाडीचे अधिकारी मारले गेले, तरी तट चढला गेला. दुसरी विष्णुभट गोडसे यांची. कोकणातल्या वरसईचा हा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि वेढ्यात झाशीत अडकला. त्याचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी 1907 साली छापला. मजुरांनी गवताचे भारे डोक्यावर आणून तटाशी टाकले, त्यांची चळत झाली आणि तिच्यावरून गोरे शिपाई चढले, असे तो सांगतो. घाबरलेल्या माणसाने सांगितलेली ही हकीकत, पण तिच्यात एक गृहिणीला शोभेल असे बारकाईचे भान आहे. गवत, पाणी, जळका वास, उपाशी राहिलेली पोटे. ग्रंथसंग्रह जळाल्याची खंतही त्याच्याच लेखणीतून मराठीत आली.

तिसरी गोष्ट झाशीच्या गल्लीतली, आणि वृंदावनलाल वर्मा यांच्या 1946 च्या कादंबरीने ती साऱ्या हिंदी मुलखात नेली. दुल्हाजू नावाचा एक ठाकूर इंग्रजांना मिळाला आणि त्याने ओरछा दरवाजा उघडून दिला. शहर पडले ते शत्रूच्या बळाने पडले नाही; घरच्या हाताने कडी काढली म्हणून पडले.

यातली तिसरी गोष्ट लोकांना सर्वांत प्रिय असावी, हे समजण्यासारखे आहे. खिंडार पडले म्हणजे आपल्या भिंतीचा दोष. शिडी लागली म्हणजे आपल्या पहाऱ्याचा. फितूर सापडला की सारे शहर निर्दोष ठरते. पण दहांतला नेमका ओरछा दरवाजाच का? दतियाचा का नाही, सागरचा का नाही? फितुरीला एखादा दरवाजा हवाच होता, तर शहराच्या मनाने तो निवडला ज्याच्यावर जुना संशय होता. ज्या दिशेने शहराची नावे, माणसे आणि वैरे आली, त्याच दिशेला त्याने आपल्या नाशाचे कारण ठेवून दिले.

हे फक्त झाशीतच घडते असे नाही. बेटावरची राजधानी आणि तिचा आतून उघडलेला दरवाजा ही जोडी भूमध्य समुद्राच्या इतिहासात फार जुनी आहे. सिसिलीत सिराक्यूज नावाचे नगर आहे. ग्रीसमधील कॉरिंथच्या लोकांनी ते इसवी सनापूर्वी आठव्या शतकात ऑर्तिजिया नावाच्या चिमुकल्या बेटावर वसवले आणि मग ते बेटावरून मुख्य भूमीवर पसरले. अथेन्ससारख्या सत्तेचे आरमार त्याने इ.स.पू. 413 मध्ये बुडवले. पुढे रोमन सेनापती मार्सेलस वेढा घालून बसला तेव्हा आर्किमिडीजच्या यंत्रांनी त्याची गलबते दूर ठेवली. बाहेरचे भाग एकेक करून पडले, तरी ऑर्तिजिया टिकले होते. अखेर इ.स.पू. 212 मध्ये मोरिकस नावाच्या स्पॅनिश भाडोत्री सरदाराने आपल्या ताब्यातील, अरेथूसाच्या झऱ्याजवळचा दरवाजा रात्री उघडला आणि रोमन आत आले. त्या धामधुमीत आर्किमिडीज मारला गेला. नगर पाहून विजयी मार्सेलसच्याही डोळ्यांत पाणी आले, असे रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो. आणि तोच पुढे लिहितो की रोममधल्या मार्सेलसच्या मिरवणुकीत मोरिकस सोन्याचा मुकुट घालून पुढे चालला होता, त्याला नागरिकत्व आणि जमीन मिळाली.

तिथे फितुराचे नाव, त्याचा दरवाजा आणि त्याचे बक्षीस, तिन्हींची नोंद विजेत्यांनीच ठेवली. झाशीत उलटे आहे. जिंकणाऱ्यांच्या कागदांत शिडी आहे. हरलेल्यांच्या तोंडी दुल्हाजू आहे. आणि ओरछ्यात तिसरेच घडले. वीरसिंहदेवाने वाट अडवून बादशहाच्या मित्राला मारले, राज्य मिळवले, महाल बांधला आणि कवीने त्याचे चरित्र गायिले. त्याला कोणी दुल्हाजू म्हणत नाही. सिराक्यूजला आज देवी अथेनेच्या मंदिराचे डोरिक खांब ख्रिस्ती महामंदिराच्या भिंतींत तसेच उभे दिसतात. विजेते आले आणि गेले, पण पूजेची जागा बदलली नाही. राणीच्या महालात बसून राहिलेल्या रामराजाला हे सांगितले तर त्याला नवल वाटणार नाही.

4 एप्रिलच्या रात्री राणी भांडेर दरवाजाने निघून गेली. मराठी मनात तोच दरवाजा राहिला, आणि ते योग्यच आहे. मागे राहिलेल्या शहराचे काय झाले हे गोडसे भटजींनी पाहिले आणि लिहिले. राणीचे वडील मोरोपंत तांबे यांना जोखनबागेत फाशी दिले. 1861 साली इंग्रजांनी झाशी शिंद्यांना दिली आणि 1886 साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत घेतली. जिच्यासाठी एवढा संहार झाला ती नगरी पंचवीस वर्षांनी अदलाबदलीच्या खात्यात एका ओळीने जमा-खर्ची पडली. मग रेल्वे आली, कारखाना आला आणि झाशी हे मोठे जंक्शन झाले. राजधानी कोण आणि उपग्रह कोण, हा जुना प्रश्न लोहमार्गाने सोडवला. आता ओरछ्याला जायचे तर झाशीला उतरावे लागते.

ओरछा दरवाजाच्या बाजूने निघालेल्या प्रवाशाला पुढे बेतवा भेटते. ओरछ्याच्या कंचन घाटाशी राजांच्या छत्र्या ओळीने उभ्या आहेत. त्या समाध्या, पण उंचीला देवळांएवढ्या. त्यांच्या शिखरांवर गिधाडांची घरटी आहेत आणि संध्याकाळी ती मोठाली पाखरे पंख आवरून दगडांतलीच होऊन बसतात. रामराजाच्या देवळाकडून मानवंदनेचा आवाज येतो, शिपाई बंदुका खांद्यावर घेऊन माघारी वळतात, आरतीला आलेली माणसे पेढ्यांच्या पुड्या हाताशी धरून दर्शनाच्या रांगेत सरकतात. रांगेत झाशीहून आलेली मराठी बाई असते, टीकमगढची माणसे असतात, कोण कुठल्या वेशीतून आले हे कोणी विचारत नाही. छत्र्यांजवळ नदीवर एक बुटका पूल आहे, कठडा नसल्यासारखा. आषाढ-श्रावणात बेतवा वाढली की तो पाण्याखाली जातो. मग अलीकडची माणसे अलीकडे आणि पलीकडची पलीकडे, सायकली टेकवून, बिड्या ओढत, पाणी उतरण्याची वाट पाहत उभी राहतात.